पावसाच्या पाण्याचं खातं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बँकेच्या नोकरीत आयुष्य हिशेबात गेलं. म्हणून आज अशा पाण्याबद्दल बोलतो, ज्याचं खातंच कुणी उघडलेलं नाही. गच्चीवरून, पार्किंगमधून, रस्त्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी.

हिशेब साधा आहे. एक एकरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी होतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर होतं. म्हणजे एकरभर जागेवरचा पाच इंच पाऊस! माती असली तर त्यातलं बरंच मुरतं. पेव्हर ब्लॉक टाकले की ते नालीत जातं. जाताना गाड्यांचं ऑइल, धूळ, शेण, प्लास्टिक सोबत नेतं. पहिल्या पावसाचं पाणी तर बघवत नाही. आपल्या नांदेडात नाल्यांचा शेवट गोदावरीत. कारखान्याचं पाणी असतं तर पाइपाकडं बोट दाखवता आलं असतं. हे पाणी प्रत्येक दारातून आलेलं, म्हणून जबाबदार कुणीच नाही.

अमेरिकेत बेलव्ह्यू शहरानं 1974 मध्ये यासाठी पाणीपुरवठ्यासारखंच वेगळं खातं उघडलं. पुढे 1987 च्या कायदा दुरुस्तीनं तिथल्या शहरांना नदीत सोडल्या जाणाऱ्या पावसाळी पाण्यासाठीही परवाना बंधनकारक होत गेला, आणि अशी खाती वाढली. कारण काय? सर्वसाधारण करातून रस्ते, दिवे, पगार आधी भागतात, नाल्याचा नंबर शेवटी. वेगळी पट्टी असली की पैसा त्याच कामाला लागतो. आकारणीही बहुतेक ठिकाणी घराच्या किमतीवर नाही, तर पाणी न मुरणाऱ्या जागेवर. मोठ्या मॉलला जास्त, अंगण राखणाऱ्याला कमी. पाणी जिरवलं तर अनेक शहरांत सूटही मिळते.

आपल्याला हे नवं नाही. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंड आपण दरवर्षी वेगळा ठेवतो. तो मेंटेनन्समध्ये मिसळला असता तर शिल्लक राहिला असता का?

कुणी म्हणेल, आधीच कर काय कमी आहेत? बरोबर आहे. खातं वेगळं नसेल आणि हिशेब उघडा नसेल, तर अशा पट्टीला मीही विरोध करीन.

महापालिका करील तेव्हा करील. आपण येत्या सर्वसाधारण सभेत ठराव घेऊ या. पार्किंगचं तेलकट पाणी नाही, पण गच्चीचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं. नाल्या जूनच्या आधी साफ करायच्या. नवीन ब्लॉक टाकताना थोडी माती मोकळी ठेवायची. या कामासाठी तरतूद वेगळी. वर्गणी फ्लॅटप्रमाणे की गाडीच्या जागेप्रमाणे, यावर वाद होईल. होऊ द्या, पण तो मे महिन्याच्या आत मिटवा. पाऊस आपल्या सभेसाठी थांबत नाही.

एवढं बोलून थांबतो. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.