प्रॉक्सीला तुमचा हात दिसत नाही

भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, कारखान्यात पाऊल टाकलं की एकच तक्रार कानावर येते. "साहेब, प्रॉक्सी कधी जॉब पकडतो, कधी पकडतच नाही. बदलून टाकू का?" थांबा. बदलण्याआधी हा प्रॉक्सी, म्हणजे वस्तू जवळ आल्याचं ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर, पकडतो कसा, हे समजून घ्या.

तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी असतो तो इंडक्टिव्ह सेन्सर. त्याच्या तोंडाशी तारेचं वेटोळं असतं आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं उलटसुलट होत असतं. धातू जवळ आला की धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह सुरू होतात, ते वेटोळ्याची ऊर्जा खातात, आतलं आंदोलन मंदावतं आणि मागचा दिवा लागतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या, ब्रॅकेटमध्ये तोंडापर्यंत बसणाऱ्या नेहमीच्या सेन्सरचं अंतर ५ मिलिमीटर असतं. पण ते साध्या लोखंडी पट्टीसाठी! तिथं ॲल्युमिनियमचा जॉब आला, तर सहसा २ मिलिमीटरपर्यंत नेल्याशिवाय दिवा लागत नाही. सेन्सर धडधाकट आहे, जॉब बदललाय. अंतर पुन्हा लावा.

आता प्रेसवर काम करणाऱ्यांनी नीट ऐका. या सेन्सरला तुमचा हात दिसत नाही. बोटं डायमध्ये असली तरी 'जॉब जागेवर आहे' एवढंच तो सांगणार आणि प्रेस खाली येणार. "मग कपॅसिटिव्ह लावू, तो हात ओळखतो," असं म्हणणारेही भेटतात. ओळखतो, पण पाण्यानं, चिकटलेल्या धुळीनंही तो फसतो. शिवाय कुठलाही साधा सेन्सर बिघडताना कसा बिघडेल याची हमी नाही. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर समोर काही नसतानाही तो 'आहे' म्हणत राहतो. हात वाचवायला सेफ्टी लाइट कर्टन लागतो, दोन्ही हातांनी दाबायची बटणं लागतात, पक्की जाळी लागते. हात प्रॉक्सीच्या भरवशावर घालायचा नाही म्हणजे नाही!

आणि मशीनच्या गार्डच्या दाराचा सेन्सर? त्याच्यासमोर वॉशर चिकटवून, दार उघडं ठेवून मशीन चालवलेली मी पाहतो. अरे बाबांनो, पाळीचं टार्गेट उद्या भरून निघेल, बोट पुन्हा फुटत नाही. सुपरवायझरसाहेब, तो वॉशर तुम्हालाही दिसतो ना? मग काढायला का लावत नाही? नव्या पोराला तर ते दार बंद असायला हवं हेसुद्धा माहीत नसतं.

बाकीच्या सेन्सरांचं थोडक्यात. कपॅसिटिव्ह लावा धान्याच्या किंवा प्लास्टिक दाण्यांच्या पातळीसाठी. अल्ट्रासॉनिक आवाजाचा प्रतिध्वनी मोजतो, फोम आणि कापडापुढे चुकतो. हवेच्या सिलिंडरवरचा सेन्सर पिस्टनमधलं चुंबक ओळखतो.

डीसीच्या तीन वायरींत तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. आउटपुटचे प्रकार दोन: पीएनपीच्या जागी पीएनपीच लावा, एनपीएनच्या जागी एनपीएनच. आणि वायरीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप घाला. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, हेल्परकडे नको.