इंधनघटातला सिरॅमिक पडदा
घन-ऑक्साइड इंधनघटात हायड्रोजनची ज्योत पेटत नाही, तरी वीज मिळते. हे साधतं मधल्या सिरॅमिक पडद्यामुळे. झिर्कोनियात थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळलं की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. त्यांतून ऑक्सिजनचे आयन सरकतात. इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेतूनच जावं लागतं.

पडद्याला आरपार छिद्र चालत नाही, म्हणून नेहमीची पूड सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. नॅनोकण त्याहून कमी तापमानाला घट्ट सांधले जातात. असे नॅनोकण तयार करण्याची एक सुंदर रीत आहे: धातूंची नायट्रेटं आणि ग्लायसिन पाण्यात विरघळवून तापवायचं. पाणी आटतं, मिश्रण आपसूक पेट घेतं आणि उरते हलकी, फुगीर पूड. तिच्या गुठळ्या मात्र नीट फोडायलाच हव्यात. त्या राहिल्या तर पडदा सच्छिद्र होतो आणि घट निकामी ठरतो.