आठवण आणि नोंद
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेचा इतिहास लिहिताना 'आमच्या गावी बालचित्रवाणी वाहिनी दिसत असे' असे वाक्य सहज लिहिले जाते. ते तपासून घ्यावे. बालचित्रवाणी ही वाहिनी नव्हती. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ती शासकीय संस्था होती. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रक्षेपित होत. २०१७ साली ती बंद झाली.

आठवण पारखावयाची ती सालावरून. ती १९८४ पूर्वीची असेल, तर कार्यक्रम दुसरा असला पाहिजे; मुंबई दूरदर्शन १९७२ पासूनच चालू होते. शाळेत संच केव्हा आला, हे डेडस्टॉक रजिस्टरात पाहावे. तो चालत होता की नाही, हे शेरेबुकात. यावल-शिरपूरकडील पाड्यांवर वीज केव्हा पोहोचली, तेही विचारावे.

नोंद जुळली नाही, तरी वृद्ध गुरुजींची आठवण खोडू नये. 'आठवणीप्रमाणे' असे लिहून शेजारी नोंद मांडावी. मुलांना दोहोंतील भेद तेथेच शिकवता येतो.

संस्था तर राहिली नाही. दप्तरही वाळवीने खाल्ले, तर हाती केवळ ऐकीव गोष्ट उरेल. म्हणून हे काम याच सत्रात हाती घ्यावे, ही विनंती.