अनामत परत नेणारा मुलगा



अध्यक्षाने अनुदान, दर्जावाढ आणि वाचनसंस्कृती यांवर बोलायचं, ही आपल्या ग्रंथालय अधिवेशनाची रीत. अनुदानावरून सकाळी दोन तास भांडण झालंच आहे, ते पुन्हा उकरत नाही. मी आज एका पावतीबद्दल बोलणार आहे.

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत एक मुलगा चार वर्षं एमपीएससी करत होता. जागा ठरलेली, खिडकीशेजारची १४ नंबर. सकाळी मी कुलूप काढायला जायचो तेव्हा हा पायरीवर बसलेला असायचा. एका दुपारी काउंटरवर आला. “सर, अनामत परत पाहिजे.” मी रजिस्टर काढलं, कार्ड तपासलं, थकबाकी नाही हे पाहिलं, पाचशे रुपये मोजून दिले, सही घेतली, त्याला पावती दिली. जाताना त्याने हाताने काढलेल्या नोट्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “कुणाला लागल्या तर द्या.” मी म्हटलं, बरं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. वाचला, एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही नीट ऐकाल.

चार वर्षांची मेहनत एखादा मुलगा कुणालाही वाटून टाकतो, आणि समोरचा माणूस फक्त त्याची सही बरोबर आहे का ते बघतो. तो माणूस मी होतो. जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, देणीघेणी मिटवत फिरणं, हे धोक्याचं लक्षण असू शकतं, हे मला नंतर कळलं. घरच्यांना ते दिसलं नव्हतं, कारण घरी तो जेवायला आणि झोपायलाच जायचा. दिवसाचे दहा-बारा तास तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

म्हणून मी या विषयावर डॉक्टरांच्या नव्हे, आपल्या सभेत बोलतोय. हिशेब साधा आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख, सांगलीची २८ लाख. देशात लाखामागे पाऊणच मानसोपचारतज्ज्ञ आहे असं सांगितलं जातं. त्या सरासरीने दोन्ही जिल्ह्यांत मिळून चव्वेचाळीसेक डॉक्टर येतात, तेही बहुतेक शहरातच बसणार. माण-खटावच्या किंवा जतच्या पोराने एसटी पकडून तिथवर जायचं, म्हणजे आधी घरात सांगायचं, आणि घरात सांगता येत असतं तर निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के दाखवलं. शंभर मुलांच्या शाळेत सात. त्या सातांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

यावर उपाय काढणारी माणसं आपल्याच भागात आहेत. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेने डॉ. हमीद दाभोलकर यांच्या पुढाकाराने ‘मानसमित्र’ तयार केले. हे डॉक्टर नव्हेत. शिक्षक, गृहिणी, चळवळीतले कार्यकर्ते. ऐकायचं कसं, खूण ओळखायची कशी आणि कुठल्या क्षणी डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच ते शिकतात. त्याला त्यांनी भावनिक प्रथमोपचार असा शब्द दिला आहे. ही कल्पना साताऱ्यात रुजली याचं मला नवल वाटत नाही. भानामतीच्या, अंगात येण्याच्या तक्रारी तपासायला गेलेल्या तिथल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना कितीदा तरी त्या घरात एक गांजलेलं मन सापडलं होतं. देवऋष्याकडचा अंगारा काढून घेतला तर त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. नाहीतर माणूस आणखी उघडा पडतो.

हेच तिकडे झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आजीबाईंच्या मदतीने सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाकडं, त्यावर वस्तीतली शिकवून तयार केलेली आजी, आणि तिच्याशेजारी बोलायला आलेलं माणूस. २०१६ साली त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि बाकड्यावर बसलेल्यांचा त्रास खरोखर कमी झाल्याचं दिसलं. मला त्यातली भाषा फार आवडली. त्या आज्या नैराश्य वगैरे शब्द वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडची म्हातारी काय म्हणते? “पोरगं लई इचार करतंय.” “मनाला लावून घेतलंय त्यानं.” निदान तिने केव्हाच केलेलं असतं. पुढे काय करायचं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

गाव एकत्र आलं तर काय होतं, ते बघायला आता मोहित्यांचे वडगाव. कडेगाव तालुक्यातल्या या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले. बातम्या पार परदेशापर्यंत गेल्या. मला स्वतःला भोंग्याने शिस्त लावणं फारसं पटत नाही. पण एक गोष्ट मान्य करतो: मुलाचा मोबाइल हा त्याच्या एकट्याचा दोष न मानता गावाने तो आपला प्रश्न मानला, ग्रामसभेत घेतला, आणि मोठ्यांनीही स्वतःचे फोन बाजूला ठेवले. माझ्या मते गुण भोंग्यापेक्षा त्यात जास्त आहे.

पण वाचनालयात येणारा निदान दिसतो तरी. न दिसणाऱ्यांचं काय? विटा, खानापूर, आटपाडी भागातली किती मुलं दहावी झाली न झाली की गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यावर जातात. केरळात, तामिळनाडूत, कुठल्या तरी सराफ कट्ट्यावर एका खोलीत भट्टी, तिथेच झोपायचं. भाषा येत नाही, मालक बहुधा नात्यातलाच, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. हा मुलगा गावी येतो तो जत्रेला. नवे कपडे, गळ्यात चेन. सगळे विचारतात, किती कमावतोस? आपल्या कुठल्याही रजिस्टरात त्याचं नाव नाही. त्याला गाठायचं तर तालमीत, मंडळाच्या मांडवात, कुस्तीच्या मैदानावर. म्हणून मला वाटतं, मानसमित्राचं शिक्षण ग्रंथपालाइतकंच वस्तादालाही मिळायला हवं. वस्तादाने विचारलं तर पैलवान बोलतो. माझ्यासारख्याने विचारलं तर “काय न्हाय सर” म्हणून हसतो.

आणि मुली. त्यांची अभ्यासिका शेवटच्या एसटीबरोबर संपते. मुलाला पाच प्रयत्न. मुलीला एक, नाहीतर स्थळ. निकालाच्या दिवशी मुलगे गायब होतात ते लक्षात येतं. मुली दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या येऊन बसतात, आणि पान उलटत नाही. तेही बघायला शिका.

तुम्ही म्हणाल, ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाचं मानधन पाहिलं तर आधी समुपदेशन त्यालाच लागेल. खरं आहे. मी तुम्हाला डॉक्टर व्हा म्हणत नाही. विचारा, एवढंच. “जीव नकोसा वाटतोय का?” असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट कोंडलेला माणूस मोकळा होतो. “बाकीच्यांकडे बघ जरा” हे मात्र म्हणू नका. उत्तर ‘होय’ आलं तर त्याला एकटं सोडू नका; घरच्यांना सांगा, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगली-मिरजेचं सिव्हिल गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. घरची मंडळी पोलीस केसच्या भीतीने दडवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. आरोग्य खात्याची मैत्री क्लिनिक आहेत, पण ती १९ वर्षांपर्यंत. आपली अभ्यासिकेतली पोरं पंचवीस-सव्वीसची. त्यांच्यासाठी आज तरी आपणच.

१४४१६ आम्ही सूचनाफलकावर लावला, तर कुणी वाचेना. मग क्लासच्या जाहिरातींमध्ये डकवला, शिवाय स्वच्छतागृहाच्या दाराला आतून. तिथे कुणी बघत नसतं, क्रमांक उतरवून घेता येतो. अनामत परत मागणाऱ्याला आता आधी खुर्ची देतो, मग रजिस्टर काढतो. बहुतेकांना पैशाचीच अडचण असते, आणि चहा पिऊन ते पैसे घेऊन जातात.

तो मुलगा वर्षाने परत आला. उपचार चालू होते, गोळ्यांनी अंगाने भरला होता. खिशातून घडी घातलेली पावती काढून म्हणाला, “सर, तारीख चुकली होती तुमची. महिना मागचा टाकलाय.” वर्षभर जपून ठेवली होती. १४ नंबर रिकामा आहे का, म्हणाला. नव्हता, दहिवडीकडची एक मुलगी तिथे बसायची. मी त्याला ९ नंबर दिला, आवाज करणाऱ्या पंख्याखालचा. त्याने कुरकुर केली, आणि पाचशे रुपये मोजून माझ्यापुढे ठेवले.