पाणी येण्याआधी घराचा हिशेब

(असोदा येथे प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आखाजी झाली. माहेरवाशिणी झोके खेळून सासरी गेल्या. आता पावसाचे वेध. या दिवसांत आपल्या गटात कर्जाची मागणी कशासाठी येते? बियाणं, खत आणि घराची दुरुस्ती. कोणाला धाब्यावर माती टाकायची असते, कोणाला पत्रे बदलायचे असतात, कोणाचं घरकुल जोत्यावर अडलेलं असतं. म्हणून आज मी घरावर बोलणार आहे. पाणी आलं तर घर टिकेल कसं, आणि नाहीच टिकलं तर ते परत उभं करायला पैसा कुठून येईल, एवढे दोनच प्रश्न.

कोणी म्हणेल, “ताई, आपण उन्हाळ्यात हंडे घेऊन पाणी शोधतो, आपल्याकडे कसला आलाय पूर?” तर 2021 साल आठवा. 30 आणि 31 ऑगस्टच्या रात्री कन्नड घाटाच्या डोंगरात ढग रिकामे झाले. डोंगरी आणि तितूर या एरवी आटलेल्या नद्या चाळीसगावात शिरल्या. घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. गावोगावची शेकडो गुरं दावणीलाच गेली. गिरणा, वाघूर, पांझरा, सगळ्यांची तीच रीत. या नद्या डोंगरातून उतरतात, आठ महिने वाळू दाखवतात आणि एका रात्रीत दोन्ही काठ भरतात. तापीचं वेगळं. तिथे हतनूरला 41 दरवाजे आहेत. वर पूर्णेला आणि तापीला पाणी वाढलं की ते उघडावे लागतात आणि काठच्या गावांना इशारा मिळतो. नाल्याला मात्र दरवाजा नाही अन्‌ भोंगाही नाही. आपली बरीच घरं नदीपेक्षा नाल्याच्या काठी आहेत, हे लक्षात ठेवा.

आता एक हिशेब. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो, निळी आणि लाल. 25 वर्षांतून एकदा येईल एवढा मोठा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. निळ्या आणि लालच्या मधल्या पट्ट्यात बंधनं पाळून परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर हवं.

“25 वर्षांतून एकदा” ऐकलं की वाटतं, आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. इथेच फसगत होते. आपल्या भिशीत जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी आपण परत डब्यात टाकत नाही. नदी टाकते! दरसाल 25 चिठ्ठ्यांचा डबा, त्यात पुराची एक, आणि निघाली तरी पुढच्या साली ती परत आत. अशी 30 वर्षं गेली तर त्यात निदान एकदा तरी पुराची चिठ्ठी निघण्याची शक्यता शंभरात 70 आहे. घर आपण 30 वर्षांसाठी तर बांधतोच. लाल रेषेवर हाच हिशेब केला तर शंभरात 26 येतात. तेही थोडे नाहीत.

लहान नाल्यावर बहुधा अशी रेषा आखलेली नसते. मग ती रेषा आपणच काढायची. गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा, पाणी कुठवर आलं होतं? कोणत्या ओट्याला लागलं? देवळाच्या कितव्या पायरीला? त्या जागी भिंतीवर रंगाने खूण करा आणि साल लिहा. असोद्याची बाई भरताचं वांगं घेताना ते उलटंपालटं करून, देठ बघून घेते. मग प्लॉट घेताना “स्वस्तात मिळतोय” एवढंच बघून कसं चालेल? नाल्यालगतचा प्लॉट स्वस्त असतो, त्याला कारण असतं.

बांधकामाच्या चार गोष्टी सांगते. मिस्त्रीला सांगायची वेळ जोत्याआधीच असते.

पहिली गोष्ट पायाची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला तडे देते. पाया काळ्या मातीवर थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खाली न्या. घराला जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवा. त्याने भिंती एकमेकींना धरून राहतात.

दुसरी गोष्ट जोत्याची. जुन्या पाण्याच्या खुणेपेक्षा ते वर हवं. आणि फक्त आजचा रस्ता बघून उंची ठरवू नका. गावात दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवं काँक्रीट पडतं. रस्ता वर चढतो आणि उंबरा खाली राहतो. मग पूर नसला तरी गल्लीचं पाणी चुलीपर्यंत येतं. जुना थर खरवडूनच नवा टाका, ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायची.

तिसरी गोष्ट भिंतीची. मातीची भिंत बघायला जाड, पण बुडाशी पाणी साचून राहिलं की मऊ होऊन बसते, आणि वर धाब्याचं ओझं असतं. नवं बांधता येत नसेल तर निदान बुडाचा भाग दगड-सिमेंटने बांधून घ्या, धाब्याचं पाणी भिंतीपासून लांब पडेल असं करा. भिंत पाण्यात उभी राहिली असेल तर पाणी ओसरलं म्हणून लगेच आत झोपू नका. भिजलेली भिंत मागाहूनही पडते.

चौथी गोष्ट आतल्या मांडणीची. विजेचा बोर्ड आणि मीटर उंचावर. धान्याची कोठी ओट्यावर. धाब्यावर किंवा माळ्यावर चढायला पक्का जिना, कारण रात्री पाणी आलं तर लेकरांना घेऊन वर जायला वाट हवी. आणि नाल्याच्या तोंडावर कुंपणाची भिंत घालू नका. आपलं घर वाचतं, शेजारणीचं बुडतं.

एवढं करूनही घर पडलं तर? “सरकार देईल.” देतं. किती, ते ऐका. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये. पक्क्या घराची थोडी पडझड झाली, निदान 15 टक्के, तर 6,500. कच्च्या घराला 4,000. गोठ्याला 3,000. कपड्यांना 2,500 आणि भांड्यांना 2,500. राज्य सरकार कधी यात भर घालतं. पण 6,500 रुपयांत आज एक भिंत तरी उभी राहते का, तुम्हीच सांगा. शिवाय निकषात अट आहे की घर अधिकृत असावं. अतिक्रमणातल्या घराचा पंचनामा इथेच अडतो. पाण्यात सगळ्यात आधी जातं तेच घर आणि मदतीच्या यादीत मागे राहतं तेही तेच.

म्हणून विम्याचं बोलू. “माझा विमा आहे, बँकेतून पैसे कटतात,” असं बऱ्याच जणी सांगतात. पासबुक काढून बघा. 20 रुपये कटतात तो अपघाताचा विमा, 436 कटतात तो जीवनज्योती. दोन्ही माणसाचे, दोन्ही चांगले, चालू ठेवा. पण त्यात घराची एक वीटही नाही. पीक विमा शेताचा. म्हशीच्या कानात बिल्ला असतो तो म्हशीचा. घरकर्जासोबत काढलेला विमाही पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. घराचा विमा वेगळाच काढावा लागतो.

त्याचं नाव भारत गृह रक्षा. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून सामान्य विमा कंपन्यांना ही पॉलिसी एकाच नमुन्यात द्यावी लागते. आग, वीज, वादळ, भूकंप, दरड आणि पूर, सगळं त्यात येतं. विमा जागेच्या भावाचा नसतो, घर परत बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो. समजा आतलं क्षेत्र 400 चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला 1,500 रुपये, तर घराचा विमा 6 लाखांचा. त्यावर 20 टक्के, म्हणजे 1,20,000 पर्यंतचं घरसामान यादी न देताही आपोआप धरलं जातं. पडलेला राडारोडा उचलण्याचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. भाड्याने राहणारी बाई नुसत्या सामानाचा विमा घेऊ शकते.

काय येत नाही, तेही ऐका. रोख पैसा, कागदपत्रं, गाडी यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. वर्षानुवर्षांची ओल, झिरपणं, जुनी चीर याला पैसे नाहीत. मातीच्या भिंतीचं, कुडाचं किंवा ताडपत्रीचं घर असेल तर अर्जात तसंच लिहा आणि कंपनी ते स्वीकारते का, हे लेखी घ्या. पक्कं सांगून कच्चं निघालं तर पुढे दावा अडतो. हप्ता दोन-तीन ठिकाणी विचारा, बँकेतही विचारा. आणि हे मे महिन्यातच करा. पाणी उंबऱ्याला लागल्यावर विमा निघत नसतो.

नुकसान झालंच तर आधी जीव सांभाळा, मग फोटो काढा. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. सर्वेक्षक येऊन बघेपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका, बाजूला रचून ठेवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद नाही मिळाली तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील नाही. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. माहितीसाठी 155255 हा क्रमांक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर कोणाच्या नावावर आहे? शेणामातीने सारवलं आपण, गटाचं कर्ज उचललं आपण, हप्ते भरले आपण, आणि नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव वारलेल्या सासऱ्यांचं. मदतीचा चेक असो की विम्याचा दावा, कागद आधी तेच विचारतो. एकट्या बाईचं तर इथेच सगळं खुंटतं. म्हणून वारसाची नोंद करून घ्या, नवऱ्यासोबत आपलं नाव लावून घ्या. ज्या बहिणी नाल्यातच राहतात, त्यांना विमा सुचवणं हे उत्तर नाही. त्यांना जागा हवी. घरकुलाच्या यादीत नाव आहे पण जागा नाही, अशांसाठी जागा खरेदीला मदतीची योजना आहे. ते अर्ज ग्रामसंघाने स्वतः भरून पंचायतीत न्यायचे.

तर या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन ठराव लिहावेत. घरासाठी कर्ज देण्याआधी दोघी-तिघींनी जागा आणि पाण्याची खूण बघून यायची. प्रत्येकीचा उतारा तपासून कोणाचं नाव नाही त्याची यादी करायची. आणि चार-पाच जणींनी मिळून विम्याचा हप्ता विचारून पुढच्या बैठकीत सांगायचा. मग घ्यायचा की नाही ते ज्याच्या त्याच्या हिशेबाने.

असोदा हे बहिणाबाईंचं माहेर. शाळेची पायरी न चढता त्यांनी संसाराचा अर्थ सांगितला. आपल्याला तर सही येते, हिशेब येतो, वही आपली आहे. तेव्हा उद्याच उतारा काढायला निघा, आणि एकटीने नको, शेजारणीला सोबत घेऊन.