रत्नागिरीत जेवायचं कुठे?

थिबा राजवाडा, मांडवी, भगवती किल्ला पाहून झाला की पाहुणे विचारतात, इथलं खास जेवण कुठे मिळेल? हा प्रश्न रिक्षावाल्याला जरूर विचारा, पण जरा बदलून: ‘दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता?’

ज्या मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज आणि मालवणी सगळंच आहे, तिथे घाई करू नका. साध्या खानावळीत फळ्यावर खडूने चार नावं लिहिलेली असतात आणि दुपारी तीनपर्यंत जेवण संपतं. तिथे आधी विचारा, ‘आज ताजं काय आलंय?’ मिरकरवाडा बंदरात जे उतरतं, त्यावर ताटातला मासा ठरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईचा हट्ट नको. खाडीचा मासा किंवा सुकटीची चटणी मागा.

सोलकढी नीट पाहा. आमसुलं भिजवून, ओल्या नारळाचं दूध काढून केलेली कढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की थर वेगळे होतात. भडक गुलाबी दिसली तर रंगाची शंका घ्यावी.

शाकाहारी मंडळींनी कुळथाचं पिठलं मागावं. मार्चच्या सुमारास आलात तर ओल्या काजूची उसळ अजिबात चुकवू नका. उकडीचे मोदक मात्र घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण ते ऐनवेळी होत नाहीत.