आपल्या गच्चीवरून दिसलेली विमानं

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५मध्ये केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



ग्रुपवर निरोप आला, "तू विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग विमानावरच बोल. पण कोडिंग नको." आधी एक दुरुस्ती करते. विमान उडवणारं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं वेगळी. मी यंत्र अभियांत्रिकी शिकले आणि गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात एकाच जातीचं काम करते आहे. एका डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काढलेला यंत्राचा भाग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना वाटेत काही सांडू नये, एवढं बघायचं. दुभाष्याचंच काम म्हणा. माझ्या आईला अजून ते नीट सांगता आलेलं नाही. "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे," असं ती सगळ्यांना सांगते आणि तेही खरंच आहे.

पण विमानाचं वेड मात्र इथलं, या शाळेतलं. घाटकोपरला राहून ते न लागणंच कठीण होतं. पश्चिमेचा वारा असला की विमानं आपल्या डोक्यावरून उतरायची. भूगोलाच्या बाई बोलता बोलता हात वर करायच्या, विमान जाईपर्यंत थांबायच्या आणि बरोब्बर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते, मीटिंगमध्ये कोणी मध्येच बोललं की मीसुद्धा हात वर करते. लोकांना तो उद्धटपणा वाटतो.

मधल्या सुट्टीत गच्चीवर कोण कोण असायचं ते आठवा. आपण आठवी-नववीत होतो तेव्हा आकाशात रोज नवं नाव यायचं. तोवर देशात इंडियन एअरलाइन्स आणि बाहेर जायला एअर इंडिया, एवढंच. मग ईस्ट वेस्ट आली, दमानिया आली, मोदीलुफ्त, जेट, सहारा. शेपटीवरून कंपनी ओळखायची पैज लागायची, वडापावची. आपण बारावी होऊन पहिल्या वर्षाला जाईपर्यंत त्यातल्या ईस्ट वेस्ट, दमानिया आणि मोदीलुफ्त संपल्याही होत्या. तेव्हा आपल्याला वाटायचं, विमानं एवढी मोठी, ती बंद कशी पडतील? विमानं बंद पडली नव्हती. त्यांच्यावरची नावं पुसून दुसरी लिहिली जात होती.

ही गोष्ट कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. विमान बनवणाऱ्याचं घड्याळ आणि विमान कंपनीचं घड्याळ वेगवेगळं चालतं. नवं विमान कागदावरून धावपट्टीवर यायला सात-आठ वर्षं सहज जातात, आणि मग ते पंचवीस-तीस वर्षं उडतं. विमान कंपनीचं नशीब मात्र एका मोसमात फिरतं. तेल महागलं, रुपया पडला, शेजारच्याने तिकीट पाचशे रुपयांनी कमी केलं, की झालं. म्हणजे बनवणाऱ्याला आज ठरवायचं असतं की वीस वर्षांनी लोक कसे प्रवास करतील. आणि ज्याच्यासाठी बनवायचं, तो गिऱ्हाईक तोवर टिकेल की नाही हेही माहीत नसतं.

आपल्या सगळ्यांचं लाडकं विमान कुठलं? कुबडवालं. बोइंग ७४७. एअर इंडियाने तर त्याच्या खिडक्यांभोवती महिरपी रंगवल्या होत्या. ते कुबड का आलं माहीत आहे? साठच्या दशकात सगळ्यांना खात्री होती की पुढचा जमाना आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांचा आहे. तेव्हा ७४७ला पुढे माल वाहायला लागेल, मग नाक उघडून आत थेट माल सरकवता यावा म्हणून वैमानिकांची जागा वरच्या मजल्यावर नेली. अंदाज चुकला आणि कुबड राहिलं. हे विमान बनवण्याचा आग्रह ज्यांनी धरला त्या पॅन अ‍ॅमने १९६६मध्ये २५ विमानं मागवली होती. पॅन अ‍ॅम १९९१मध्ये बुडाली. विमानाचं उत्पादन मात्र पुढे ३१ वर्षं चालू राहिलं. शेवटचं ७४७, एकूण १,५७४वं, जानेवारी २०२३मध्ये दिलं गेलं, तेही मालवाहूच.

आता मी ज्याच्यावर बोलायला आले आहे ते विमान. एअरबसचं ए-३८०. पूर्ण लांबीचे दोन मजले, चार इंजिनं, आणि नियमाप्रमाणे ८५३ प्रवाशांपर्यंत बसवायची परवानगी. प्रत्यक्षात कोणी एवढे बसवत नाही, पाचशेच्या आसपास. २०१४मध्ये ते पहिल्यांदा मुंबईच्या नियमित वेळापत्रकात आलं, तेव्हा मी मुद्दाम पुण्याहून माहेरी येऊन गच्चीवर उभी राहिले होते. नवरा म्हणाला, "यासाठी एक्स्प्रेसवेचा टोल भरला?" भरला.

हे विमान एका गावात बनत नव्हतं. पुढचा आणि मागचा भाग जर्मनीत हँबर्गला, पंख ब्रिटनमध्ये, शेपटीचे भाग स्पेनमध्ये, आणि जोडणी फ्रान्समध्ये तुलूझला. हे अजस्र तुकडे आधी जहाजाने, मग गारोन नदीतून तराफ्यावर, आणि शेवटी रात्री रस्ते बंद करून ट्रेलरवर जायचे. वाटेतल्या गावांमध्ये लोक ते बघायला जागायचे. एवढं सगळं बिनचूक पोहोचलं, आणि काम अडलं ते तारांवर.

एका ए-३८०मध्ये सुमारे ५३० किलोमीटर तार असते. मुंबईहून हुबळीच्या जवळपास पोहोचाल इतकी. हँबर्गहून तारांचे जुडगे बसवून आलेले भाग तुलूझला जोडायला घेतले आणि कामगारांच्या लक्षात आलं की कितीतरी ठिकाणी तार पोहोचतच नाही. काही सेंटिमीटर कमी पडते.

कारण माझ्या धंद्यातलं होतं. दोन्हीकडे कॅटिया नावाचं एकच डिझाइन सॉफ्टवेअर वापरत होते, पण हँबर्गला चौथी आवृत्ती आणि तुलूझला पाचवी. आता तुम्ही म्हणाल, फोनवर नवी आवृत्ती येते, त्यात काय एवढं? पण कॅटियाची पाचवी आवृत्ती म्हणजे चौथीची डागडुजी नव्हती, ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. एकीतली फाइल दुसरीत उघडायची, चित्र दिसायचंही, पण सगळा तपशील जसाच्या तसा येत नव्हता. त्यात वजन वाचवायला बऱ्याच तारा तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्यासारखी घट्ट वळवता येत नाही, तिला मोठं वळण लागतं. मोठं वळण म्हणजे जास्त लांबी. आपल्या भूमितीच्या सरांनी हे फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवलं असतं. शिवाय प्रत्येक विमान कंपनीची आतली मांडणी वेगळी, कोणाला बार हवा, कोणाला शॉवर. म्हणजे प्रत्येकाच्या तारा वेगळ्या. शेवटी जर्मन कामगार शेकड्यांनी तुलूझला आले आणि हाताने तारा उपसून नव्याने ओढायला लागले. सगळी मिळून दोन वर्षांची दिरंगाई झाली. जून २००६मध्ये विलंबाची एक घोषणा झाली आणि एअरबसच्या मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्के पडला.

मी ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते. मुलं हसतात. पूर्वी मीही हसायचे. मग माझ्या हातून तेच झालं.

हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही, पण इथे तुमच्यासमोर मी शाईच्या बाटल्या सांडलेल्या आहेत, तेव्हा हरकत नाही. आमच्या एका ग्राहकाने नवी आवृत्ती घेतली होती. आमचं भाषांतराचं सॉफ्टवेअर तिच्यासाठी तयार व्हायचं होतं. दोनशे फाइल्स तपासल्या, त्यातल्या दोन चुकत होत्या. एका पंपाच्या कवचाच्या आतल्या गोलाया गायब व्हायच्या. वरून दिसायचं नाही, कापून बघितलं तरच. तारीख जवळ आली होती. मी ते अहवालात लिहिलं, पण शेवटच्या पानावर, शेवटच्या रकान्यात, जिथे कोणी बघत नाही तिथे. तोंडाने कोणालाच बोलले नाही. साहेबांना तारीख पुढे ढकलावी लागली असती आणि मला नुकतीच बढती मिळालेली होती. ग्राहकाने त्या फाइलवरून साचा बनवला आणि तो भंगारात गेला. कोणाला इजा झाली नाही. चौकशीत "अहवालात नमूद होतं" म्हणून मी सुटलेसुद्धा. ते सुटणं मला अजून पचलेलं नाही.

असो. पण खरं सांगायचं तर ए-३८० हे तारांमुळे हरलं नाही, जरी सगळीकडे तसं लिहिलेलं सापडतं. विमान उत्तम झालं. प्रवास केलेली माणसं त्याच्या शांतपणाबद्दल भरभरून बोलतात. हरला तो अंदाज. आपल्या भाषेत सांगते. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर पूर्वी काय करायचो? दादरला उतरायचो, पूल चढायचो, गाडी बदलायचो. एअरबसचं म्हणणं होतं की जगभर असंच चालणार, मोठ्या दादरांवर गर्दी वाढत जाणार आणि दादर ते दादर नेणारी दुमजली गाडी लागणार. बोइंगने २००४मध्ये ७८७ सुरू केलं ते उलट्या अंदाजावर, की लोकांना दादर नकोच आहे. त्यांना मेट्रो हवी, घाटकोपरहून थेट अंधेरी. दोन इंजिनांच्या विमानाला पूर्वी विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा लांब जायला मनाई होती. इंजिनं भरवशाची झाली तशी ती मर्यादा १९८५पासून वाढत गेली. मग चार इंजिनांचं तेल कोण जाळणार? आणि मंदीत पाचशे जागा भरणार कशा? ए-३८०ची फक्त २५१ विमानं विकली गेली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. शेवटचं डिसेंबर २०२१मध्ये. आणि सगळ्यात पहिलं, ज्याचा २००७मध्ये केवढा गाजावाजा झाला होता, ते दहा वर्षं उडून परत गेलं आणि फ्रान्समध्ये सुट्या भागांसाठी मोडलं गेलं. विमानाचं दहा वर्षं म्हणजे काय वय आहे?

गंमत बघा, करोनानंतर प्रवासी परत आले, बोइंगचं नवं मोठं विमान वेळेवर आलं नाही, आणि लुफ्तान्साने वाळवंटात वगैरे ठेवून दिलेली ए-३८० धुऊनपुसून पुन्हा काढली. तेव्हा कोणाचा अंदाज बरोबर, हे मीही आज छातीठोकपणे सांगणार नाही.

आपल्याकडची एक जोडगोष्ट सांगते. २००५च्या जूनमध्ये पॅरिसच्या एकाच प्रदर्शनात एअरबसकडे भारतातून दोन गिऱ्हाइकं गेली. किंगफिशरने पाच ए-३८० मागवली. इंडिगोने शंभर ए-३२० मागवली, आणि इंडिगोचं तेव्हा एकही विमान उडत नव्हतं. लोक हसले ते इंडिगोला. किंगफिशरची ए-३८० कधी आलीच नाहीत, ती कंपनी २०१२मध्ये जमिनीवर आली. इंडिगोने काय केलं? एकाच जातीची विमानं, म्हणजे वैमानिक, मेकॅनिक आणि सुटे भाग सगळ्यांना चालणारे. आणि विमान हातात आलं की ते भाडेकंपनीला विकून तिच्याकडूनच भाड्याने घ्यायचं. ठोक खरेदीत मिळालेली सूट खिशात, आणि विमान म्हातारं होण्याआधी परत. हिशेबी घरातल्या सुनेसारखा कारभार. मला त्यांच्या जागा अरुंद वाटतात, पण ते वेगळं.

हे सगळं आकड्यांत सांगताना सोपं वाटतं. पण आपल्या गच्चीवरच्या टोळीतला एकजण विमानांचा खरा माणूस झाला. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि नाव घेऊ नको म्हणाला आहे. त्याने एका विमान कंपनीत इंजिनाखाली उभं राहून वीस वर्षं काढली. ती कंपनी बंद पडली तेव्हा त्याचे पाच महिन्यांचे पगार थकले होते, मुलगी बारावीत होती. तरी शेवटचं विमान उतरल्यावर त्याने इंजिनाच्या तोंडावर झाकणं बसवली, नळ्यांची तोंडं बंद केली, चाकांना ठोकळे लावले आणि मग घरी गेला. मी त्याला विचारलं, "अरे, पगार नाही, उद्या कंपनी नाही, मग झाकणं कशाला?" तो म्हणाला, "आत पक्षी घरटं करतात ना."

ती विमानं पुढे दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावाने उडायला लागली. त्यातल्या एकाचा नोंदणी क्रमांक बदलला तरी त्याला ते अनुक्रमांकावरून सापडलं, आणि तो अजूनही मोबाइलवर ते आत्ता कुठे आहे ते बघत असतो. आज सकाळी चहा घेताना त्याने मला दाखवलं. ते कुठे होतं ते त्यालाच विचारा. माझी वीस मिनिटं संपली, आणि बाईंनी हात वर केला आहे.